गोळी देण्याआधी एक थेंब रक्त

कुष्ठरोगाच्या गोळ्यांचं पहिलं पाकीट हातात देताना रुग्णाला दोन गोष्टी आवर्जून सांगतात. लघवी लाल होईल, घाबरू नका, ती रिफॅम्पिसिनमुळे. कातडी काळसर-तांबूस होत जाईल, तरीही घाबरू नका, ती क्लोफाझिमिनमुळे. औषध संपल्यावर रंग हळूहळू निवळतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि सांगायलाच हव्यात. न सांगितल्यास माणूस पहिल्याच महिन्यात धास्तावून गोळ्या टाकून देतो आणि रोग तसाच अंगात राहतो.

पण यकृत बिघडलं तर माणसाला ते कशावरून कळतं? लघवी गडद होते, रंग बदलतो, डोळे पिवळे दिसू लागतात. लघवी आणि रंग या दोन्ही खुणांकडे लक्ष देऊ नका, असं आपण पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं असतं. क्लोफाझिमिनचा रंग डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरही चढू शकतो, म्हणजे तिसऱ्या खुणेचाही भरवसा उरत नाही. हे औषधांचे दोष नाहीत. या औषधांनी लाखो माणसं बरी केली आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या उपचारात काविळीच्या खुणा झाकल्या जातात, त्या उपचारात यकृताची आधीची स्थिती माहीत असणं अधिक गरजेचं असायला हवं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती विचारलीही जात नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. कुष्ठरोगाचं निदान झालेल्या प्रत्येक माणसाला उपचाराच्या सुरुवातीलाच हिपॅटायटिस बी आणि सी या यकृताला सूज आणणाऱ्या दोन विषाणूंची चाचणी देऊ करावी. सुरुवातीला राहून गेली तर निदान नस वाचवण्यासाठी लागणारं स्टेरॉइड सुरू करण्याआधी तरी ती चुकवू नये. आणि त्याच्या घरातल्या माणसांची कुष्ठरोगासाठी तपासणी होते, त्याच वेळी त्यांनाही ही चाचणी आणि लागेल त्याला हिपॅटायटिस बीची लस मिळावी.

'कावीळ' या शब्दानेच आपला बराच गोंधळ केला आहे. कावीळ हे लक्षण आहे, रोगाचं नाव नव्हे. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी कावीळ होते, औषधाने यकृत दुखावलं तरी होते, विषाणूने तर होतेच. हिपॅटायटिस ए आणि ई हे दूषित पाण्या-अन्नातून येणारे विषाणू कावीळ करतात आणि बहुतेकदा आपोआप निघून जातात. गरोदरपणात मात्र ई जिवावर बेतू शकतो. बी आणि सी हे रक्तातून पसरणारे विषाणू तसे नाहीत. ते वर्षानुवर्षं काहीच लक्षण न दाखवता यकृतात मुक्काम करतात. ज्याला आपल्या बोलीत पांढरी कावीळ म्हणतात, तो हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाचे डोळे आयुष्यात एकदाही पिवळे झालेले नसतात, असं सर्रास दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे 25 कोटी 40 लाख माणसांना दीर्घकालीन हिपॅटायटिस बी आहे, सुमारे 5 कोटींना सी. बी असलेल्या शंभरातल्या जेमतेम तेरांना आपल्या अंगात तो आहे हे ठाऊक आहे. दर वर्षी सुमारे 13 लाख माणसं या आजारांनी दगावतात.

आता कुष्ठरोगाकडे. जगात दर वर्षी पावणेदोन ते दोन लाखांच्या आसपास नवे रुग्ण नोंदले जातात. भारत, ब्राझील आणि इंडोनेशिया या तीन देशांत सर्वाधिक. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन हा तीन औषधांचा मिळून केलेला उपचार 1981 पासून चालत आला आहे. तो सहा किंवा बारा महिन्यांत संपतो, जगभर मोफत मिळतो आणि जंतू मारण्यात तो खरोखरच यशस्वी आहे. अडचण जंतू मेल्यानंतरही संपत नाही.

कुष्ठरोगात माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'रिअ‍ॅक्शन'मध्ये. शरीराची प्रतिकारशक्ती जिवंत किंवा मेलेल्या जंतूंवर अचानक उसळते. चट्टे लाल होऊन सुजतात, नसा ठणकतात, आणि काही दिवसांत हात लुळा पडू शकतो, पाऊल लोंबू शकतं, डोळा मिटेनासा होऊ शकतो. ही रिअ‍ॅक्शन उपचाराआधी, उपचार चालू असताना किंवा तो संपल्यावरही येते. अशा वेळी नस वाचवायला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागतं. रोज 40 मिलिग्रॅमपासून, कधी त्याहून जास्तीपासून सुरुवात करून ते हळूहळू उतरवत नेतात आणि हे सगळं चार-पाच महिने चालतं. गाठी उठवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या रिअ‍ॅक्शनमध्ये तर ती पुन्हा पुन्हा येत राहते आणि काही माणसं वर्षानुवर्षं स्टेरॉइडवर राहतात.

आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू नेमक्या याच गोष्टीची वाट पाहत असतो.

हा विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रकात आपल्या जनुकद्रव्याची एक पक्की प्रत ठेवून देतो. प्रतिकारशक्ती जागी असते तोवर तो दबून राहतो. स्टेरॉइडने ती मंदावली की विषाणू भराभर वाढतो. त्या काळात माणसाला काहीच जाणवत नाही, कारण यकृताची मोडतोड विषाणूपेक्षा आपलीच प्रतिकारशक्ती जास्त करते आणि ती तर झोपवलेली असते. मग डोस उतरत जातो, प्रतिकारशक्ती परत येते आणि विषाणूने भरलेल्या यकृतावर तुटून पडते. यकृताला सूज येते, कधी ते निकामी होतं. वेळ लक्षात घ्या. हे घडतं ते साधारण डोस कमी होत असताना किंवा औषध संपल्यावर. म्हणजे नस वाचली, हात हलू लागला, आता महिन्याने या, असं सांगून माणसाला घरी पाठवलं जातं, तेव्हा. त्यानंतर तो दगावला तर त्याची नोंद कुष्ठरोगाच्या खात्यात होत नाही आणि स्टेरॉइडच्या खात्यातही होत नाही. गावात लोक म्हणतात, कावीळ झाली होती.

रक्तात हिपॅटायटिस बीचा पृष्ठभागीय प्रतिजन, म्हणजे विषाणू अंगात असल्याची खूण, असलेल्या माणसाला चार आठवडे किंवा त्याहून जास्त काळ रोज 20 मिलिग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन दिलं, तर विषाणू उसळण्याचा धोका मोठा मानतात. यकृताचे डॉक्टर, कर्करोगाचे डॉक्टर, सांधेदुखीचे डॉक्टर हे सगळे या नियमाने वागतात. संधिवाताच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासणं ही आता नेहमीची रीत आहे. कुष्ठरोगाच्या रुग्णाला त्याच औषधाचा तितकाच किंवा जास्त डोस महिनोन्महिने दिला जातो आणि तिथे ही रीत पोचत नाही. यामागे वैद्यकीय कारण कोणतंच नाही. कुष्ठरोगाचा कार्यक्रम सगळीकडे एका बाजूला, स्वतंत्र पायवाटेने चालत आला, आणि इतर शाखांत काय बदललं हे त्या पायवाटेवर उशिरा कळतं, एवढंच.

उपाय अवघड असता तर गोष्ट वेगळी होती. बोटाच्या टोकाला सुई टोचून घेतलेल्या थेंबावर ही चाचणी होते आणि पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं. उत्तर होकारार्थी आलं तर स्टेरॉइडसोबत, शक्य झाल्यास त्याआधी, टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही विषाणूला दाबून ठेवणारी रोजची एक गोळी सुरू करायची आणि स्टेरॉइड संपल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची. टेनोफोविर हे एचआयव्हीच्या उपचारात जगभर वापरलं जाणारं, पेटंटबाहेर आलेलं, स्वस्त औषध आहे. मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं इतकंच. त्याचं टेनोफोविर अलाफेनामाइड हे नवं रूप मात्र रिफॅम्पिसिनसोबत चालत नाही, जुनं टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल चालतं. अशा बारकाव्यांसाठीच दोन कार्यक्रमांनी एकमेकांशी बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये हिपॅटायटिस बीवरच्या उपचाराचे निकष सैल केले, त्यांत दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांचाही विचार आहे. म्हणजे दार उघडलेलं आहे. आत जायचं ते कुष्ठरोगाच्या बाजूने.

प्रेडनिसोलोन देण्याआधी क्षयरोग आहे का, मधुमेह आहे का, पोटात जंत आहेत का, याची चौकशी करण्याची शिस्त कुष्ठरोगाच्या कामात आधीच रुजलेली आहे. त्या यादीत एक ओळ वाढवायची आहे.

चाचणीचं दुसरं कारण डॅप्सोन आहे, आणि ते मला कमी महत्त्वाचं वाटत नाही. कुष्ठरोगावर उपचार घेणारा माणूस पिवळा पडला, तर त्याची निदान चार कारणं असू शकतात. डॅप्सोनने तांबड्या पेशी फुटल्या असतील. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्यात हे जास्त होतं. डॅप्सोनची तीव्र अ‍ॅलर्जी उठली असेल. ती साधारण चार ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, सुजलेल्या गाठी आणि यकृताची सूज घेऊन येते आणि डॅप्सोन तात्काळ थांबवलं नाही तर जीव घेऊ शकते. रिफॅम्पिसिनने यकृत दुखावलं असेल. किंवा विषाणू. चौघांचं वागणं वेगळं, उपचार वेगळे, घाई वेगळी. सुरुवातीची चाचणी हाताशी नसेल तर समोर बसलेल्या डॉक्टरने ओळखायचं कशावरून? विषाणूची कावीळ औषधाच्या माथी मारली की चांगला चाललेला उपचार विनाकारण बंद पडतो. औषधाची कावीळ विषाणूच्या माथी मारली की डॅप्सोन चालूच राहतं. यातली दुसरी चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

चाचणीची यंत्रणा उभी राहायला वेळ लागेल हे मला मान्य आहे. तोवर एक गोष्ट आजच करता येते. रुग्णाला सांगायच्या त्या दोन वाक्यांना तिसरं जोडायचं. रिफॅम्पिसिन महिन्यातून एकदा घ्यायचं असतं. त्याचा लाल रंग एक-दोन दिवसांत उतरतो. लघवी त्यानंतरही गडद राहिली, जेवणावरची वासना उडाली, मळमळ थांबेना, अंगाला खाज किंवा पुरळ आलं, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी यायचं. याला पैसा लागत नाही.

आता घरच्यांकडे येतो, कारण या प्रश्नात घर फार जवळ आहे. कुष्ठरोगाने ज्याच्या हातापायांची जाणीव गेली आहे, त्याला आपण कापलो आहोत, भाजलो आहोत हे कळत नाही. तळपायाला जखम होते, ती महिनोन्महिने वाहते. बोटं वाकलेली असतील तर नखं दुसऱ्याने कापून द्यावी लागतात, दाढी दुसऱ्याने करावी लागते, पट्टी दुसऱ्याने बांधावी लागते. ती दुसरी व्यक्ती बहुतेकदा बायको, मुलगी, सून असते. जखमेभोवतीची कडक झालेली कातडी घरीच तासली जाते, बऱ्याचदा जे ब्लेड हाताशी असेल त्यानेच. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा, निदान सात दिवस जिवंत राहतो. एकत्र जेवण्याने, मिठी मारण्याने, एका घरात झोपण्याने तो पसरत नाही. रक्त लागलेलं ब्लेड, वस्तरा, नेलकटर, दात घासायचा ब्रश यांतून मात्र पसरतो, शरीरसंबंधातून पसरतो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. आणि वाट दोन्हीकडून असते. रुग्णाकडून घरच्यांकडे जसा तो जाऊ शकतो, तसाच घरच्यांकडून, वाहत्या जखमेवाटे, रुग्णाकडेही. कोणाकडून कोणाला गेला हे शोधत बसण्यात अर्थ नाही आणि तसं शोधूही नये.

बाळाच्या बाबतीत वेळेचं महत्त्व अक्षरशः तासांत मोजायचं आहे. जन्मताना किंवा पहिल्या वर्षात हा विषाणू शिरला तर दहातल्या नऊ मुलांच्या अंगात तो कायमचा राहतो. मोठेपणी शिरला तर शंभरातल्या पाचांपेक्षा कमी माणसांच्या अंगात राहतो. बाकीचे तो स्वतःच हुसकावून लावतात. म्हणून जन्मानंतर 24 तासांच्या आत पहिली लस द्यायची असते. जगातल्या निम्म्याहून कमी बाळांना ती वेळेत मिळते.

कुष्ठरोगाच्या कार्यक्रमात घरच्यांपर्यंत पोचण्याची सोय आधीच आहे. नवा रुग्ण सापडला की त्याच्या सहवासितांची तपासणी होते. कातडीवरचे चट्टे पाहतात, नसा चाचपतात. 2018 पासून जागतिक आरोग्य संघटना रोग न झालेल्या सहवासितांना रिफॅम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस देण्याची शिफारस करते. बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत या एका डोसाने पहिल्या दोन वर्षांत कुष्ठरोग होण्याचं प्रमाण 57 टक्क्यांनी कमी झालं होतं. हा डोस देण्याआधी विचारायच्या प्रश्नांत एक असतो: यकृताचा काही आजार झाला होता का? माणूस म्हणतो, नाही. तो खोटं बोलत नसतो. त्याला माहीतच नसतं. एकाच डोसाने यकृताला धोका होण्याची शक्यता कमी आहे, त्यामुळे या कारणासाठी डोस अडवू नये. पण जी व्यक्ती हा प्रश्न विचारायला दारापर्यंत गेलीच आहे, तिच्या पिशवीत त्याचं उत्तर देणारी चाचणीची पट्टी का नसावी? एरवी या घरांत हिपॅटायटिसवाला कार्यक्रम कधी पोचणार? त्या कार्यक्रमाच्या जोखमीच्या गटांच्या याद्या ठरलेल्या असतात. नशेची सुई घेणारे, कैदी, एचआयव्ही असलेले, आरोग्य कर्मचारी. कुष्ठबाधित त्यांत सहसा नसतात.

आणि हे नसणं मला अस्वस्थ करतं, कारण या विषाणूच्या शोधकथेत ते होते. बारूच ब्लुमबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाला 1960 च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं. त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असं नाव पडलं. ते काय आहे हे कोणाला कळत नव्हतं. ब्लुमबर्ग आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्या रक्तात ते शोधलं, त्यांत कुष्ठरोगी होते. जंतूंना थोपवण्याची ताकद कमी असलेल्या, लेप्रोमॅटस प्रकारच्या रुग्णांशी या प्रथिनाचा संबंध दिसतो, असा त्यांचा निबंध 1967 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे उलगडलं की ते प्रथिन म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं कवच. त्यातूनच लस तयार झाली, तिला 1981 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ब्लुमबर्ग यांना 1976 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं होतं आणि त्यांचा जन्मदिवस, 28 जुलै, आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. ज्यांच्या रक्ताने हा माग काढायला मदत केली, त्यांच्यासारख्या माणसांना ती चाचणी आणि ती लस आजही रांगेत कुठे मिळते, हे विचारणं मला कृतज्ञतेचा किमान भाग वाटतो.

त्या जुन्या निष्कर्षावर पुढे वाद झाला, आणि तो झाकून ठेवण्याचं कारण नाही. काही अभ्यासांत कुष्ठबाधितांमध्ये हिपॅटायटिस बी जास्त दिसला, काहींत आजूबाजूच्या लोकांइतकाच. प्रमाण जास्त दिसलं तिथेही कारण कुष्ठरोग, त्याने बदललेली प्रतिकारशक्ती, की संस्थेत दाटीने राहणं आणि वर्षानुवर्षांच्या सुया, हे वेगळं काढणं अवघड आहे. या वादाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, पुरावाच पक्का नाही, मग चाचणीचा खर्च कशाला?

मला हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. कुष्ठबाधितांमध्ये विषाणू इतरांपेक्षा जास्त असला तरच चाचणी करायची, असं का? समजा प्रमाण तंतोतंत सारखं आहे. तरीही त्याच विषाणूचा परिणाम या माणसावर जास्त भीषण होऊ शकतो, कारण त्याला महिनोन्महिने स्टेरॉइड मिळणार आहे, यकृतावर भार टाकणारी औषधं मिळणार आहेत आणि काविळीच्या खुणा झाकल्या जाणार आहेत. संधिवाताच्या रुग्णाला चाचणी देताना संधिवातात हिपॅटायटिस जास्त असतो का, असं कोणी विचारत नाही. औषधामुळे धोका वाढतो, एवढं कारण तिथे पुरतं. इथेही पुरायला हवं.

याहून गंभीर आक्षेप कलंकाचा आहे आणि त्यापुढे मी थबकतो. ज्या माणसाला एका रोगाच्या नावाने घराबाहेर, नोकरीबाहेर, लग्नाबाहेर काढलं गेलं, त्याच्या कपाळावर आणखी एका संसर्गाचं नाव लिहायचं? 'कुष्ठरोग्यांना पांढरी कावीळ असते' असं वाक्य एकदा बाजारात गेलं की ते परत घेता येत नाही. ही भीती खरी आहे. पण त्यावर चाचणीच न करणं हा उपाय असेल, तर लाजेची किंमत त्या माणसाच्या यकृतातून वसूल होते. मार्ग आहे. चाचणी सगळ्यांना सारखी देऊ करायची, समजावून, संमती घेऊन, नकार दिल्यास उपचारात तसूभरही फरक न करता. उत्तर फक्त त्याच्या कानात सांगायचं. घरी जाऊन सगळ्यांसमोर पट्टी लावायची नाही; घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारायचं. कारण सांगताना 'तुम्हाला हा रोग आहे म्हणून' असं म्हणायचं नाही. 'तुम्हाला जे औषध द्यायचं आहे ते सुरक्षित ठरावं म्हणून' असं म्हणायचं. ही वाक्यरचना म्हणजे नुसतं सौजन्य नाही, वैद्यकीयदृष्ट्या तेच अचूक आहे. आणि संशोधन करणाऱ्यांनीही निष्कर्ष लिहिताना हे भान ठेवायला हवं: कुष्ठरोगामुळे हिपॅटायटिस होत नाही, हिपॅटायटिसमुळे कुष्ठरोग होत नाही.

चाचणी करून पुढे काहीच न देणं हा मात्र अन्याय आहे, त्यावर दुमत नको. टेनोफोविर कुठे मिळेल, पुढची तपासणी कोण करेल, हे ठरल्याशिवाय पट्टी उघडू नये. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत तर क्रमाचंही भान हवं. बारा आठवड्यांच्या नव्या गोळ्यांनी शंभरातल्या 95 हून अधिक माणसं पूर्ण बरी होतात, पण रिफॅम्पिसिन त्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण पाडतं, म्हणून दोन्ही एकत्र देता येत नाहीत. बहुतेक वेळा आधी कुष्ठरोगाचा उपचार पूर्ण करायचा आणि मग सीचा. सी सहसा थांबू शकतो. नस थांबू शकत नाही.

सीचा विषय निघाला की मला म्हातारी माणसं आठवतात. गोळ्यांचा उपचार येण्याआधीची पिढी सुईखाली वाढली. चौलमुग्राच्या तेलाची इंजेक्शनं वर्षानुवर्षं चालत. अमेरिकेतल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात 1941 मध्ये सुरू झालेलं प्रोमिन हे पहिलं गुणकारी औषध शिरेतून द्यावं लागे. निदानासाठी कातडीला छेद देऊन नमुने घेतले जात, तेही पुन्हा पुन्हा. हा काळ एकदा वापरून फेकायच्या सुईच्या आधीचा होता आणि हिपॅटायटिस सीचा विषाणू तर 1989 पर्यंत कोणाला माहीतच नव्हता. एका चांगल्या हेतूच्या इंजेक्शन मोहिमेने काय होऊ शकतं हे इजिप्तने पाहिलं आहे. तिथे शिस्टोसोमा या कृमीवरच्या इंजेक्शनांतून, नीट निर्जंतुक न केलेल्या सुयांमुळे, हिपॅटायटिस सी देशभर पसरला. कुष्ठवसाहतींत तेच किती झालं, याचा हिशेब कुठल्याही एका आकड्यात बसणार नाही. पण ज्या वसाहतींत माणसं तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं कोंडलेली होती, तिथे एकाच सिरिंजने किती दंड ओळीत टोचले गेले असतील याची कल्पना करायला आकडा लागत नाही.

हवाईच्या कलाउपापा या कुष्ठवसाहतीतली सक्ती 1969 मध्ये संपली, जपानचा विलगीकरणाचा कायदा 1996 मध्ये रद्द झाला. 2019 मध्ये जपानच्या न्यायालयाने रुग्णांच्या कुटुंबीयांनाही भरपाई द्यायला लावली. ब्राझीलने सक्तीने डांबलेल्यांना 2007 मध्ये निवृत्तिवेतन मान्य केलं आणि पुढे त्यांच्यापासून तोडलेल्या मुलांनाही. त्या पिढीतली जी माणसं आज हयात आहेत, त्यांना शोधण्यासाठी कोणतीही नवी मोहीम लागत नाही. त्यांना एकेकाळी घराघरांतून हुडकून, नोंदवून, गाडीत घालून नेलं होतं. त्या नोंदवह्या, भरपाईच्या याद्या, निवृत्तिवेतनाची कागदपत्रं सरकारांच्या ताब्यात आहेत. त्या नावांपुढे अजून एक रकाना आखायचा आहे. त्यांचं वय पाहता, तो या वर्षीच आखायला हवा.